एआयनं गेमची चित्रं काढतोय, पण मानमंदिरचं बदक काही केल्या येत नाहीये, मदत करा

लष्करचा_रियाज · शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरचा, लष्कर नावाच्या भागात राहतो, दिवसा ऑफिसात हिशोबाचं काम करतो आणि रात्री जेवणं झाली की मुलाबरोबर एक छोटा गेम बनवतोय, गोडो या गेम बनवायच्या प्रोग्रॅममध्ये. तो अकरा वर्षांचा आहे, उड्या किती उंच आणि शत्रू कुठे ठेवायचे ते सगळं तोच ठरवतो.

गेम साधा टू-डी आहे. सई नावाची मुलगी किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढानं वर जाते. आलमगिरी दरवाजा, मग बादलगढ, गणेश, लक्ष्मण आणि शेवटी हत्ती पौर, असे पाच दरवाजे म्हणजे पाच लेव्हल, आणि प्रत्येक दरवाज्यात तिला एक सूर मिळतो. सा रे ग प ध. पाच झाले की वर मानमंदिर महालासमोर भूप राग पूर्ण होतो. आमच्या घरी आजोबा रोज पहाटे तानपुरा लावून बसायचे, त्यामुळे ग्वाल्हेरवर गेम करायचा तर त्यात गाणं हवंच हे माझं पहिल्यापासून ठरलेलं. सूर ताईनं हार्मोनियमवर वाजवून फोनवर रेकॉर्ड करून दिलेत. लक्ष्मण दरवाज्याजवळ चतुर्भुज मंदिर आहे ना, जिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलंय, तिथे एक लपवलेलं शून्य ठेवलंय, ते सापडलं की एक जीव जास्त.

कोड चालतोय, आवाज आहे, अडलंय ते चित्रांवर, कारण मला चित्रकला अजिबात येत नाही आणि चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत, हा गेम विकायचाही नाही, घरच्यांसाठी आणि झालाच तर इच.आयओ या गेमच्या साइटवर फुकट टाकायचा आहे. म्हणून एआयवर सगळं काढायला घेतलं, दीड महिना झाला.

पहिले आठ दिवस मी हरखून गेलो होतो. लिहिलं की चित्र हजर. पण गेममध्ये लावायला गेलो की काहीच बसेना. किल्ला मागितला की राजस्थानचा पिवळा किल्ला येतो, वाळवंटासकट. सई एका चित्रात गोल चेहऱ्याची, दुसऱ्यात लांब, तिसऱ्यात परकराचा रंगच वेगळा, मग चालायची चार चित्रं एकामागून एक लावली की चार वेगळ्या मुली धावताना दिसतात. पिक्सेल आर्ट, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं चित्र, म्हणून मागितलेलं मोठं करून बघितलं तर चौकोन लहानमोठे, कडा पुसट. मागचा भाग पारदर्शक दे म्हटलं तर पांढऱ्या-करड्या चौकड्या चक्क चित्रातच रंगवून देतो.

आणि सगळ्यात जास्त मन लागलंय ते बदकांवर. मानमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांच्या पट्टीत पिवळ्या बदकांची रांग आहे, ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नकोच. मला ती रांग प्रत्येक लेव्हलच्या वरच्या कडेला हवीये. एआय मला मोर देतो, हंस देतो, एकदा फ्लेमिंगो दिले. बदक दिलंच तर तळ्यात पोहणारं खरंखुरं. शंभराच्या वर प्रयत्न झाले असतील.

कुणी अशा टूल्सनी घरगुती गेमची चित्रं शेवटपर्यंत नेलीत का? माझं मागणं चुकतंय की रस्ताच चुकलाय?

गोडोवाला · शनिवार, रात्री ११.५८

दादा, आधी सोप्या गोष्टी उरकू. पुसट दिसतंय त्यातलं अर्धं गोडोमुळे आहे, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरिंग, त्यात टेक्स्चर्स, तिथे डीफॉल्ट फिल्टर लिनिअर असतो तो निअरेस्ट करा, लगेच फरक दिसेल. चौकड्यांचं म्हणाल तर बहुतेक मॉडेलना पारदर्शक म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, त्यांनी नेटवर पारदर्शक चित्रांमागे चौकड्या पाहिलेल्या असतात म्हणून त्या काढून देतात. तुम्ही सपाट मजेंटा रंगाची पार्श्वभूमी मागा, जो रंग सईच्या अंगावर कुठेच नाही असा, आणि मग तो एका क्लिकमध्ये खोडा.

पिक्सेल आर्टचं दुखणं जरा खोल आहे. हे मॉडेल चौकटीत एकेक ठिपका ठेवत नाही, ते आधी नुसत्या मुंग्यांसारख्या गोंधळातून सुरू करतं आणि पायरीपायरीनं तो गोंधळ साफ करत जातं, म्हणून त्याच्या हाती लागतो तो पिक्सेल आर्टचा भास. १०२४ बाय १०२४ च्या चित्रात एक चौकोन आठ पिक्सेलचा, शेजारचा सातचा, पुढचा नऊचा. ते चित्र १२८ बाय १२८ वर आणा, आणताना निअरेस्ट नेबर निवडा, मग गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये इमेज, मोड, इंडेक्स्ड करून रंग १६ वर आणा. तरी कडेला कचरा राहतोच, तो लिब्रेस्प्राइट या पिक्सेल आर्टच्या प्रोग्रॅममध्ये हातानं काढावा लागतो, ते फुकट आहे.

चेहरा बदलतो त्याला सीड, म्हणजे सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा, एकच ठेवणं हा अर्धाच उपाय. तुमच्याकडे ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या मॉडेलचं १.५ व्हर्जन घरच्या मशिनवर चालतं, त्यावर कंट्रोलनेट ही जोडणी लावून तुम्ही काढलेल्या काडीमाणसाच्या पोझप्रमाणे चित्र मिळवता येतं, आणि नुसत्या शब्दांऐवजी तुमचा फोटो देऊन इमेज-टू-इमेजनं काढलंत तर राजस्थान यायचं थांबेल. शब्दात "इंडियन फोर्ट" म्हटलं की तो ज्या किल्ल्यांचे फोटो नेटवर जास्त त्यांचीच सरासरी देणार, त्यात आपला किल्ला बुडतो.

पण चालण्याची चित्रं एआयकडून घेऊ नका असंच मी सांगेन, मी तीन महिने घालवलेत त्यात. मुलाला गच्चीवर चालायला सांगा, बाजूनं फोनवर व्हिडिओ घ्या, त्यातली चार चित्रं थांबवून त्यावरून काढा. १६ बाय २४ च्या मुलीत चेहरा म्हणजे मोजून सातआठ ठिपके. डोकं आणि धड एकदाच काढायचं आणि चारही चित्रांत तेच चिकटवायचं, फक्त पाय फाकलेले असताना धड एक पिक्सेल खाली आणि पाय जवळ आले की परत वर. एवढ्यावर ती चालायला लागते, शपथ.

चित्रकर्ती_ग्वाल्हेर · रविवार, सकाळी ८.१५

मी चित्रकार आहे, मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते, त्यामुळे या विषयावर मी शांतपणे लिहू शकेन की नाही माहीत नाही, तरी लिहिते कारण तुमचा गेम वाचून मला खरंच बरं वाटलं.

गेल्या वर्षी एका कामात मला एआयनं केलेली बारा चित्रं पाठवली गेली आणि सांगितलं की फक्त हात आणि डोळे नीट करून द्या, पैसे मात्र नेहमीच्या चौथा हिस्सा. एका चित्रात आजीच्या हाताला सहा बोटं आणि नऊवारीचा काष्टा पुढूनच कुठेतरी गायब झालेला. मी नाही म्हटलं. ते काम दुसऱ्या कुणीतरी केलं. स्टेबल डिफ्यूजन २०२२ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आलं, ते ज्या साठ्यातून शिकलं त्याच्या मोठ्या यादीत ५८५ कोटी चित्रं आणि त्यांच्या ओळी आहेत, नेटवरून वेचलेल्या, आणि ज्यांची चित्रं त्यांना कुणी विचारलेलं नाही. माझंही काम ब्लॉगवर होतं. म्हणून हे फुकट आहे असं कुणी म्हटलं की मला लागतं, ते कुणीतरी भरलेलं असतं.

आता तुमचं. तुम्ही कुणाच्या पोटावर पाय देत नाही आहात, फुकट वाटायचा गेम आहे, तुम्ही मला किंवा कुणालाच काम देणार नव्हता हेही खरं. एकच विनंती, मागताना कुठल्याही जिवंत चित्रकाराचं नाव घालून "त्यांच्यासारखं दे" म्हणू नका.

आणि बदक. दादा, ते बदक एआयला येणारच नाही, कारण ते बदक पक्षी नाहीये, ती फरशी आहे. ते राजा मानसिंह तोमरांच्या काळातल्या कारागिरांनी केलंय, म्हणजे १४८६ ते १५१६ मधलं, आणि त्यांनी पाच-सहा वळणांत बदक बसवलंय, मान, छाती, शेपूट, संपलं. शेजारी हत्ती आहेत, केळीची झाडं आहेत, सगळ्यांचा तोच हिशोब, लांबून, खालून, उन्हात बघणाऱ्याला ओळखू यायला पाहिजे. तुमच्या गेमच्या स्क्रीनवरचं चित्रही असंच लांबून ओळखायचं असतं की नाही? जुन्या गेमवाल्यांनी हेच केलं, सुपर मारिओमध्ये १९८५ साली ढग आणि झुडूप एकाच आकाराचे आहेत, फक्त रंग बदललाय, कारण जागाच नव्हती. मारिओला मिशी आणि टोपी आहे तीसुद्धा तेवढ्या ठिपक्यांत ओठ आणि केस दाखवणं अवघड म्हणून. एआय नेमकं उलटं करतो, प्रत्येक पीस काढत बसतो, सोडून काय द्यायचं ते त्याला कळत नाही.

सकाळी नऊच्या आत वर जा, समोरून फोटो काढा, तिरका नको. फोटोतूनच रंग उचला. त्यातला निळा एक नाहीये, बघाल तुम्ही, एकाच पट्टीत चार निळे आहेत, कारण काही फरशा उडाल्यात, काही फिकट झाल्यात. माझ्या मते ते चारही निळे ठेवा.

हजिरा_एक्सप्रेस · रविवार, सकाळी १०.०२

सगळं बरोबर आहे पण मला वाटतं गेम पूर्ण होणं जास्त महत्त्वाचं, माझे चार गेम चित्रांच्या नादात अर्धवट पडलेत, त्यातला एकही कुणी खेळलेलं नाही. दादा, लांबचे डोंगर, आकाश, ढग, खालचं शहर हे एआयचं ठेवा बिनधास्त, ते पॅरॅलॅक्समध्ये, म्हणजे पुढच्यापेक्षा हळू, मागे सरकत राहतं, तिथे कुणाची नजर दोन सेकंदांवर थांबत नाही. नाहीतर केनीची तयार गेम-चित्रं आहेत, सीसी-झीरो परवाना, म्हणजे कशालाही वापरा, नावही द्यायची सक्ती नाही, खडक आणि शिड्या तिथून घ्या.

टाकताना मात्र एआय वापरलं हे लिहा. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटनं जानेवारी २०२४ पासून ते विचारायला सुरुवात केली, आधी बनवून ठेवलेलं वेगळं आणि गेम चालू असताना बनणारं वेगळं असं सांगावं लागतं. इचवरही २०२४ च्या नोव्हेंबरपासून तसा खूण करायचा रकाना आलाय. हक्काचं म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ ची दुरुस्ती आहे, संगणकानं तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, पण ती दुरुस्ती आली तेव्हा हे असलं एआय कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये एआयची चित्रं असलेल्या एका कॉमिकबाबत त्यांच्या कॉपीराइट कार्यालयानं सांगितलं की मजकूर आणि मांडणी लेखिकेची, चित्रं मात्र नाहीत. म्हणजे सई तरी स्वतःच्या हातची असू द्या, उद्या कुणी उचलली तर म्हणता येईल माझी आहे.

दुसुतीकाकू · रविवार, दुपारी ३.४०

बाळ, मी गेम खेळत नाही, नातवानं हे वाचून दाखवलं आणि बदकं म्हटल्यावर मीच म्हटलं दे इकडे, मी लिहिते.

तुम्ही जे चौकोन चौकोन म्हणताय ते आम्ही चाळीस वर्षं दुसुतीवर करतोय. एक चौकोन म्हणजे एक फुली. माझ्याकडे आलेखवहीत मानमंदिरच्या बदकांचा नमुना आहे, लग्न होऊन लष्करात आले तेव्हा सासूबाई मला किल्ल्यावर घेऊन गेल्या होत्या आणि परत आल्यावर त्यांनी आठवणीनं काढला होता, पुढे त्याचं मी टेबलक्लॉथ भरलं, ते अजून आहे. फोटो नातू टाकेल संध्याकाळी. तोवर वरच्या चार ओळी सांगते, सोळा घरांच्या, डावीकडून मोजायच्या. पहिली: ३ निळे, ३ पिवळे, १० निळे. दुसरी: १ निळा, २ चोचीचे, १ काळा तो डोळा, २ पिवळे, १० निळे. तिसरी परत पहिलीसारखी. चौथी: ४ निळे, २ पिवळे, १० निळे, इथून मान सुरू.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, गोलाई आणायची असेल तर पायऱ्या क्रमानं उतरायच्या, ३ घरं, मग २, मग १, मग १, मग परत २ आणि ३. मधेच ३ नंतर १ आणि परत ३ केलं की बदकाची पाठ दातेरी होते, उसवून परत करावं लागतं. आणि रांग भरायची असेल तर दोन बदकांच्या मधे किती निळी घरं सोडायची ते आधी ठरवायचं, नाहीतर कापडाच्या शेवटी अर्धं बदक उरतं. सासूबाई म्हणायच्या आधी मधली जागा मोज, बदक नंतर.

गोडोवाला · रविवार, दुपारी ४.०५

काकू, पायऱ्यांचं जे सांगितलंत ते पिक्सेल आर्ट शिकवणारे सगळ्यात आधी शिकवतात, शब्दन् शब्द तेच. आणि अर्ध्या बदकाचं पण! टाइल, म्हणजे परत परत लागणारा तुकडा, डावीकडून उजवीकडे जुळली पाहिजे. दादा, क्रिटा या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये डब्ल्यू दाबलं की तेच चित्र चारी बाजूंना पसरून दिसतं, काढता काढता कळतं जोड कुठे दिसतोय.

लष्करचा_रियाज · मंगळवार, रात्री १०.५०

सगळ्यांना उशिरानं उत्तर देतोय, कारण दोन दिवस आम्ही बदकातच होतो.

सोमवारी सुट्टी टाकली आणि सकाळी साडेसातला वर गेलो, मुलगा बरोबर. त्यानं त्या बदकांकडे इतक्या वेळ बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, दरवेळी आलो की तोफा आणि माकडं. त्यानं मोजायला घेतली आणि मग म्हणाला बाबा सगळी सारखी नाहीयेत, एकाची मान जास्त वाकलीये. खरंच आहे. चित्रकर्तीताई, निळ्याचंही तुम्ही म्हणालात तसंच, आम्ही फोटोतून पाच उचलले, चार ठेवले.

रात्री काकूंच्या नातवानं पाठवलेला वहीचा फोटो समोर ठेवून बसलो. मी एकेक ओळ वाचायची आणि तो लिब्रेस्प्राइटमध्ये ठिपके ठेवायचा. छातीची गोलाई पहिल्यांदा दातेरीच आली, मग ३, २, १, १, २, ३ करून बघितलं आणि ती भरली, दोघंही एकदम ओरडलो आणि बायको उठून बघायला आली. १६ बाय १६, एकूण सात रंग, मधे तीन घरं निळी. रांग लावली की स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोड दिसत नाही. नंतर त्यानं आपणहून दुसरं बदक काढलं, जास्त वाकलेल्या मानेचं, आणि दर सहाव्या जागी ते बसवलं.

आता काय ठरवलंय ते सांगतो. आकाश आणि लांबचं शहर एआयचं ठेवलंय, आमच्याच फोटोवरून इमेज-टू-इमेज करून, आता ते ग्वाल्हेर वाटतं, आणि ते एआयचं आहे असं गेममध्ये पहिल्याच पानावर लिहिणार. सई आम्ही हातानं काढतोय, गच्चीवरचा व्हिडिओ झालाय. तिचं धड वरखाली करायची युक्ती बरोबर बसली गोडोवालादादा, दोन चित्रांतच ती चालायला लागली होती. ताई, तुमचं चौथ्या हिश्श्याचं वाचून मला फार वाईट वाटलं, मी दीड महिना त्या टूलवर बसलो आणि ती चित्रं आली कुठून हा विचार एकदाही मनात आला नव्हता.

एक प्रश्न उरलाय, हत्तीचा. हत्ती पौरला नाव ज्यावरून पडलं तो दगडी हत्ती आता तिथे नाही. बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला होता तेव्हा त्यानं तो बघितला होता, वर दोन माहूत बसलेले असं त्यानं लिहून ठेवलंय. शेवटच्या लेव्हलला तो उभा करायचा आहे आणि मुलगा म्हणतो हा तरी एआयकडून घेऊ, आपण कुणीच पाहिलेला नाही. मला पटतंयही आणि नाहीही.

चित्रकर्ती_ग्वाल्हेर · मंगळवार, रात्री ११.३०

मुलाला सांगा एआयकडून दहा हत्ती काढून घे, उभा कसा राहील, माहूत किती मोठे दिसतील एवढं बघायला, आणि मग ते बंद करून फरशीवरच्या हत्तींकडे जा. ते तिथेच आहेत, बदकांच्या जवळ, त्याच काळातले, त्यांची सोंड आणि पाय कसे बसवलेत ते बघा. तुमच्या गेममधला हत्ती त्यांचा भाऊ दिसला पाहिजे. आणि मला सई दाखवा, पैसे नकोत, मला तिचा परकर बघायचाय.

दुसुतीकाकू · बुधवार, सकाळी ७.१०

हत्तीचा नमुना माझ्याकडे नाही रे, सासूबाईंनी फक्त बदकंच काढली होती. पण ३२ घरांत बसेल असं वाटतं, दोन माहूत धरले तर उंचीला जास्त लागतील. रविवारी तुम्ही वर जाणार असाल तर मला घेऊन चला, गाडी वरपर्यंत जाते ना आता. मी आलेखवही आणि दोन पेन्सिली आणते, मुलाला म्हणावं खोडरबर त्यानं आणावं.